एक पडदा, दोन खेळाडू आणि सामाईक तिजोरी

चातुर्मासात जैन घरांतील स्वयंपाकघर सूर्यास्तापूर्वीच आवरते. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, त्यामुळे रात्रीचा वेळ घरातच जातो. पूर्वी या वेळेला सोंगट्या किंवा कॅरम असे. आता लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतील पेढी बंद करून आलेले वडील एका मोबाईलवर असतात आणि मुले दुसऱ्यावर. दिवाणखाना एकच, पण माणसे चार दिशांना. यावर व्हिडिओ गेमचाच उतारा सुचवणे विचित्र वाटेल. तरी त्यातील एक प्रकार विचार करण्याजोगा आहे.

त्याला ‘स्प्लिट-स्क्रीन’ म्हणतात. टीव्हीच्या पडद्याचे दोन भाग होतात, प्रत्येक खेळाडूला एक. यंत्र एक, बैठक एक आणि बहुधा उद्दिष्टही एकच. मात्र यंत्राला एकाच वेळी दोन दृश्ये रेखाटावी लागतात. शिवाय इंटरनेटवर खेळायचे तर सहसा प्रत्येक घरी वेगळे यंत्र आणि वेगळी प्रत लागते; त्यात विक्रेत्याचा फायदा कोणाचा, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. ‘हेलो’ या गाजलेल्या मालिकेच्या २०१५ च्या पाचव्या भागातून ही सोय वगळली गेली. ‘हेलो इन्फिनिट’च्या कथाभागासाठी दिलेले तिचे आश्वासनही २०२२ मध्ये मागे घेतले गेले.

उलट, स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओचा ‘इट टेक्स टू’ हा २०२१ चा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील पती-पत्नी त्यात बाहुले बनतात. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो सर्वोत्कृष्ट ठरला. परंतु त्यात खेळण्यातल्या एका हत्तीला फरफटत नेऊन नष्ट करण्याचा प्रसंग आहे आणि तो खेळाडूंच्या हातूनच घडतो. लहान मुलांसोबत बसण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

व्यापारी कुटुंबाला अधिक रुचेल तो ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बरोन या एकट्या माणसाने घडवलेला शेतीचा हा खेळ २०१६ मध्ये आला. स्प्लिट-स्क्रीनची सोय डिसेंबर २०२० मध्ये जोडली गेली. येथील ऋतू २८ दिवसांचा असतो. भेट मिळणारे पहिले बियाणे नेमके कंदमुळाचे! ते नको असेल तर वसंतात दुसरा हिशेब मांडता येतो. फ्लॉवरचे बी ८० नाण्यांना मिळते, पीक १२ दिवसांत येते आणि १७५ ला विकते. पहिल्या दिवशी लावल्यास ऋतूत दोन पिके निघतात व नफा १९० होतो. घेवड्याचे बी ६० चे. दहा दिवसांनंतर दर तीन दिवसांनी ४० नाण्यांच्या शेंगा, म्हणजे सहा तोडण्यांत २४० आणि नफा १८०. नफ्यात दहाचाच फरक, पण भांडवल २० ने कमी आणि पुन्हा लावणीचा त्रास नाही. नातू चटकन फ्लॉवर घेईल. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेले आजोबा बहुधा घेवडा निवडतील.

गाई-कोंबड्या पाळता येतात, दूध मिळते. जनावरे कापण्याची सोयच खेळात नाही. मासेमारी आणि खाणीतील राक्षसांशी झुंज मात्र आहे. ती टाळून शेती करता येते, काही कामे तेवढी अपुरी राहतात. कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे घराने आधीच ठरवलेले बरे.

सर्वांत मनोरंजक भाग पैशांचा. सुरुवातीला तिजोरी सामाईक असते: कोणीही बियाणे घेतले तरी पैसे एकाच थैलीतून जातात. गावप्रमुखाच्या घरी एक खातेवही आहे. तिच्यात नोंद करून खाती वेगळी करता येतात. मग शिल्लक समान वाटली जाते आणि ज्याचा माल त्याच्या खात्यावर जमा होतो. पुन्हा एकत्र यायचे झाल्यास तीच वही उघडावी लागते. दिवस लवकर संपवायचा तर मात्र सर्वांनाच झोपायला जावे लागते, खाती वेगळी असली तरीही.