अळिंबी वाळते कशी आणि सादळते कशी?

पावसाळा सुरू झाला की कुजक्या लाकडावर, खताच्या ढिगावर, वारुळाच्या आसपास रातोरात छत्र्या उगवलेल्या दिसतात. त्यांना आपण भूछत्रे म्हणतो. ही बुरशीच्या वर्गातील वनस्पतींची फळे, असे पूर्वी सांगत. आता बुरशीवर्ग ही सजीवांची एक स्वतंत्र सृष्टीच मानतात. भूछत्रांतील खाण्याजोग्या जातींना अळिंबी म्हणतात. कोकणात आणि गोव्यात वारुळांवर येणारी अळिंबी लोक आवडीने खातात. आता अळिंबीची मुद्दाम लागवडही होते. पुण्याचे कृषी महाविद्यालय हे या विषयातील एक जुने केंद्र आहे. अळिंबीवरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९८३ साली सुरू झाला, आणि त्याचे एक केंद्र या महाविद्यालयात आहे.

पुण्याच्या हवेला मानवणारी अळिंबी म्हणजे धिंगरी. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा भिजवून, निर्जंतुक करून पिशव्यांत भरतात आणि त्यात अळिंबीचे बियाणे मिसळतात. २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ९० टक्के सापेक्ष आर्द्रता मिळाली, की पिशवीच्या भोकांतून शिंपल्यांसारखे गुच्छ बाहेर येतात. एखाद्या रिकाम्या खोलीतही हे पीक निघते.

अडचण येते ती पुढे. सगळ्या पिशव्यांना एकदम बहर येतो. ताजी धिंगरी साध्या खोलीत जेमतेम एक दिवस राहते, शीतकपाटात तीन-चार दिवस. सफरचंदाला असते तशी मेणचट साल तिला नसते आणि तोडल्यावरही तिचा श्वासोच्छ्वास जोरात चालूच असतो. त्यामुळे ती लवकर मऊ पडते, पिवळी होते, तिला वास येऊ लागतो. विकली गेली तेवढी गेली. उरलेली वाळवायची, नाहीतर फेकायची. लहान उत्पादकाचा नफा-तोटा पुष्कळदा या उरलेल्या मालावरच ठरतो.

एका किलोत पाणी किती?

ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो अळिंबीत घन पदार्थ फक्त १०० ग्रॅम. चांगल्या वाळलेल्या अळिंबीत १० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी नको. हिशेब करून पाहा: १०० ग्रॅम घन पदार्थ हा ९० टक्के भाग झाला, तर एकूण वजन सुमारे १११ ग्रॅम होते. तेव्हा एका किलोतून ८८९ ग्रॅम पाणी घालवले पाहिजे.

पाण्याची वाफ होण्यासाठी त्याला उकळावे लागते असे नाही. दोरीवरचे कपडे वाळतात ते बाष्पीभवनानेच. परंतु बाष्पीभवनाला उष्णता मात्र लागते. ४० अंशांच्या आसपास दर ग्रॅमला सुमारे ५७५ कॅलरी. ८८९ ग्रॅमसाठी सुमारे ५ लाख १० हजार कॅलरी लागतील. विजेच्या भाषेत सांगायचे तर ही उष्णता अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक भरते. स्वच्छ उन्हात भर दुपारी एक चौरस मीटर सपाट जागेवर तासाभरात सात-आठ लाख कॅलरी पडतात. मग एक किलो अळिंबी तासाभरात का वाळू नये? कारण त्यातली बरीच उष्णता परावर्तित होते, बरीच वारा घेऊन जातो आणि आतले पाणी पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो. पण याहून महत्त्वाचे एक कारण आहे, ते म्हणजे हवा.

हवेत जागा किती?

निघालेली वाफ जाणार कुठे? हवेत. पण हवेत वाफेला अमर्याद जागा नसते. २५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते. ३८ अंशांना ते ४६ ग्रॅम आणि ५० अंशांना ८३ ग्रॅम मावते. जेवढे मावू शकते त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता पुण्यातील दोन दिवस घेऊ. एप्रिलमधील एक दुपार: तापमान ३८ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. हवेत बाष्प आहे सुमारे ९ ग्रॅम. आणखी ३७ ग्रॅमला जागा आहे. ऑगस्टमधील एक दिवस: तापमान २५ अंश, आर्द्रता ८५ टक्के. हवेत बाष्प आहे सुमारे साडेएकोणीस ग्रॅम. शिल्लक जागा अवघी साडेतीन ग्रॅम. एप्रिलच्या हवेत दहापटींहून अधिक जागा! आपल्या आज्या कुरडया, पापड, सांडगे यांची वाळवणे चैत्र-वैशाखात घालतात, श्रावणात घालत नाहीत, त्यामागील पदार्थविज्ञान हेच.

ही शिल्लक जागा मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे. हवामान वेधशाळांत दोन तापमापक शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओले मलमल. बाष्पीभवनाने ओला फुगा थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतील फरक मोठा. वरच्या एप्रिलच्या दुपारी हा फरक सतरा अंशांच्या आसपास येईल. ऑगस्टमध्ये दोनच अंश.

पंखा पुरतो का?

पावसाळ्यात पुष्कळजण अळिंबी पंख्याखाली पसरून ठेवतात. पंख्याचा उपयोग होतो, पण एका मर्यादेपर्यंतच. अळिंबीला लागून असलेला ओलसर हवेचा थर तो दूर करतो, त्यामुळे सुरुवातीला वजन भराभर उतरते. पुढे ते थांबते. पदार्थ आणि हवा यांच्यात पाण्याची सारखी देवघेव चालू असते. पदार्थ देतो तितकेच पाणी परत घेऊ लागला, की समतोल झाला. हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हा समतोल अळिंबीत भरपूर पाणी शिल्लक असतानाच येतो. मग पंखा आठवडाभर चालवा; अळिंबी वाळणार नाही, तिच्यावर बुरशी मात्र चढेल. साधारण ६० टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या हवेशी समतोल असलेल्या पदार्थावरच बुरशी वाढू शकत नाही.

यावर उपाय आहे आणि तो वरच्या आकड्यांतच दडलेला आहे. ऑगस्टचीच हवा ५० अंशांपर्यंत तापवा. बाष्प आहे तेवढेच राहिले, पण जागा ८३ ग्रॅमची झाली. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवरून एक चतुर्थांशाच्याही खाली उतरली! हवेतून पाण्याचा एक थेंबही न काढता आपण ती ‘कोरडी’ केली. वाळवणाच्या यंत्रात याहून वेगळे काही होत नाही.

वाळवण्याची रीत

प्रथम अळिंबी निवडून घ्या. ती पाण्यात बुडवून ठेवू नका, ती पाणी पिते. कचरा ओल्या फडक्याने पुसून काढा. धिंगरी तंतूंच्या दिशेने फाडून तिच्या पट्ट्या करा. बटण अळिंबीचे चार-पाच मिलिमीटर जाडीचे काप करा. जाडीला फार महत्त्व आहे. आतले पाणी बाहेर झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काप दुप्पट जाड झाला तर वेळ सुमारे चौपट!

एप्रिल-मेमध्ये जाळीच्या ट्रेवर एकेरी थर पसरून, वर मलमल ताणून उन्हात ठेवावे. त्याहून चांगली सौरपेटी: आतून काळा रंग दिलेली लाकडी पेटी, वर काच, तळाशी व माथ्याशी भोके. तापलेली हवा वरच्या भोकांतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून नवी हवा येते. उन्हाचा आणखी एक फायदा आहे. अळिंबीत अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. सूर्याच्या जंबुपार किरणांनी त्याचे ‘ड’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. काचेतून हे किरण फारसे येत नाहीत. म्हणून पेटीत ठेवण्यापूर्वी थोडा वेळ उघड्या उन्हात ठेवणे चांगले.

पावसाळ्यात विजेवर चालणारी वाळवणपेटी वापरावी. सुरुवातीला ४५ ते ५० अंश आणि शेवटी ५५ ते ६० अंश तापमान ठेवावे. घाई करून पहिल्यापासून फार उष्णता दिली, तर वरचा थर कडक होतो आणि आतले पाणी आतच कोंडते. काप वाकवल्यावर लवचीक वाटला तर तो वाळलेला नाही. वाळलेला काप कट्‌कन मोडतो.

सादळू नये म्हणून

वाळवणे झाले म्हणजे काम संपले असे नाही, कारण देवघेव दोन्ही दिशांनी चालते. उघडा पापड पावसाळ्यात सादळतो, तशी अळिंबीही सादळते. आपल्या १११ ग्रॅम अळिंबीतील पाणी १० वरून १५ टक्क्यांवर जायला किती पाणी लागेल? फक्त साडेसहा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे अधिक. तेवढ्याने बुरशीचा धोका सुरू होतो.

बरणी उघडताच दमट हवा आत शिरते, याची मात्र फार धास्ती नको. ऑगस्टच्या एक लिटर हवेत जेमतेम २० मिलिग्रॅम बाष्प असते. साडेसहा ग्रॅम पाणी या मार्गाने यायला बरणी तीनशेहून अधिक वेळा उघडावी लागेल. खरे शत्रू तीन: दिवसरात्र हवा आत घेणारे सैल झाकण, ओला हात किंवा चमचा, आणि गरम असतानाच भरलेली अळिंबी. गरम अळिंबी बरणीत पाणी सोडते. बरणी थंड झाली की तेच पाणी काचेवर थेंबांच्या रूपाने जमते. म्हणून अळिंबी पूर्ण गार करून, पण सादळण्यापूर्वी, घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत भरावी. पहिला आठवडा बरणी रोज हलवून पाहावी. काचेवर दव दिसले, तर अळिंबी काढून पुन्हा वाळवावी. बरणी अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. बुरशी दिसली, तर मात्र सगळी टाकून द्यावी.

वापरताना अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी आणि लगेच शिजवावी. पाणी परत आले की सूक्ष्मजीवांचीही सोय झाली!

एक इशारा. रानातली किंवा अंगणातली भूछत्रे तोडून वाळवू नका. काही जातींची विषे वाळवल्याने जात नाहीत आणि शिजवल्यानेही जात नाहीत. वाळवण्याने फक्त पाणी जाते. लागवडीची, खात्रीच्या ठिकाणाहून आणलेली अळिंबीच घ्यावी.

करून पाहा

१०० ग्रॅम धिंगरी आणा. तिचे सारखे दोन भाग करा. एका भागाच्या बारीक पट्ट्या करा, दुसऱ्याचे तुकडे जाडच ठेवा. दोन्ही एकाच ट्रेवर उन्हात ठेवून दर तासाला वजन करा. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वजन घेऊन आलेख काढा. दोन्ही रेषा आधी उतरतील आणि मग सपाट होत जातील. त्या सपाट कुठे होतात आणि जाड तुकड्यांची रेषा किती मागे पडते, ते पाहा. हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. पुण्याच्या हवेतला फरक तुम्हाला तुमच्या वहीत दिसेल.