धातूतले आडनाव

घराच्या दारावर किंवा कुंपणाच्या भिंतीवर लावलेल्या धातूच्या अक्षरांना बोलताना सरसकट ‘घडवलेली’ म्हटले जात असले, तरी ती तयार करण्याच्या तीन पद्धती परस्परांहून अगदी वेगळ्या आहेत : तापवून ठोकले की ते घडकाम, वितळवून साच्यात ओतले की ते ओतकाम आणि पत्र्यातून कापून काढले की ते कटिंग. बाजारात आज तिसरी पद्धत प्रबळ आहे, पहिली क्वचितच आढळते. पद्धत कोणतीही असली, तरी धातूचा स्वभाव ठाऊक असलेला कारागीर लिपीचा स्वभाव न ओळखल्यास नाव बिघडवतो, आणि देवनागरीचा स्वभाव या कामात फार आडमुठा आहे.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरांत दारावरच्या नावाला वेगवेगळ्या कारणांनी महत्त्व आले. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला आजचे नाव मिळाले, परंतु कॅम्प आणि बॅरेक यांचे क्रमांक पत्त्यांतून गेले नाहीत, त्यामुळे क्रमांकाच्या घराला स्वतःचे नाव लावणे ही तेथे ओळख परत मिळवण्याचीच एक रीत ठरली, असे म्हणता येईल. बदलापूरचे कारण साधे आहे. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार लोकसंख्या असलेल्या कुळगाव-बदलापूर नगरपालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि एकसारख्या दारांच्या इमारतींत आडनाव हीच खूण उरली.

घडकामात लोहार सौम्य पोलादाची पट्टी भट्टीत साधारण १००० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. पट्टी पिवळसर नारिंगी दिसू लागली की ती सांडशीने ऐरणीवर घेऊन ठोकायची आणि रंग मंद लाल होताच पुन्हा भट्टीत सारायची, कारण थंडावलेल्या लोखंडावर घाव घातल्यास त्याला चिरा पडण्याचा धोका असतो. ठोकून लांबवणे, टोकाशी ठासून जाड करणे, ऐरणीच्या शिंगावर वाकवणे आणि छन्नीने तोडणे एवढ्या मोजक्या क्रियांतून सर्व अक्षरे निघतात. देवनागरी अक्षरांतील जाड-बारीकपणा हा तिरप्या कापलेल्या बोरूचा वारसा आहे. लोहाराला तो हातोडीने साधता येतो, म्हणजे वळण संपत येते तेथे पट्टी निमुळती करता येते आणि गाठीच्या जागी ती जाड ठेवता येते. यंत्राला मात्र असे काही सुचत नाही, ते दिलेले रेखाचित्र तेवढे कापते. गरम लोखंडावर जवसाचे तेल किंवा मेण चोळून आणलेली काळी झिलई सुंदर दिसते, पण कोकणच्या पावसात ती उघड्यावर टिकत नाही; बाहेर लावायच्या अक्षरांना जस्ताचा थर आणि वर रंग द्यावाच लागतो.

अक्षरांचा आधार कोठे असतो, हे लिपीवर अवलंबून आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, म्हणून प्रत्येक अक्षर भिंतीवर स्वतंत्रपणे बसवावे लागते. देवनागरीत शिरोरेषा, म्हणजे अक्षरांच्या माथ्यावरची आडवी रेघ, सगळा शब्द एका दांड्यावर टांगून धरते, आणि अख्खे आडनाव एकाच तुकड्यात कापता येते. तथापि हा आधार सर्वत्र सारखा नसतो. ‘ग’ आणि ‘ण’ यांचा डावा भाग केवळ शिरोरेषेलाच लटकलेला असल्यामुळे पत्रा पातळ असला की तो हात लागताच वाकतो. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्यावर तर शिरोरेषा मुद्दाम तुटक ठेवलेली असते, कारण ती सलग केली की त्यांचे ‘घ’ आणि ‘म’ होतात. ‘जाधव’ हे आडनाव नीट कापले, तर ‘जा’ आणि ‘धव’ असे दोन तुकडे हाती येतात. ते एकसंध राहावे म्हणून कारागिराने वरची फट बुजवली, की दारावर ‘जाघव’ झळकू लागतात. या पट्ट्यात सर्रास आढळणारे ‘भोईर’ याच घाईत ‘मोईर’ होऊ शकते. योग्य उपाय म्हणजे फट तशीच ठेवून मागून बारीक पट्टी जोडणे, जी समोरून दिसत नाही.

अनुस्वाराचे दुखणे वेगळे. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. दगडात अक्षर कोरायचे असल्यामुळे टिंबासाठी एक खळगा पुरतो. धातूतून अक्षर सुटे कापले, की ‘शिंदे’ किंवा ‘कांबळे’ यांचा अनुस्वार अनाथ होतो आणि त्याला स्वतःची खुंटी द्यावी लागते. याउलट पत्र्यातून अक्षराची पोकळी कापायची असेल, तर ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो व तो धरून ठेवण्यासाठी बारीक दुवे सोडावे लागतात. उल्हासनगरात यावर ताण म्हणजे अरबी वळणाच्या लिपीतील सिंधी नाव : तिच्या ५२ अक्षरांपैकी काहींवर चार-चार नुक्ते, म्हणजे टिंबे, असतात. तेथे अक्षरे खालच्या रेषेवर जोडली जातात, पण नुक्ते अधांतरीच राहतात. सिंधी देवनागरीतही लिहिली जात असल्याने तीच व्यक्ती दोन लिपींत दोन निराळ्या अडचणी निर्माण करते.

कापण्याच्या यंत्रात लेझरचा किरण धातू वितळवतो आणि वायूचा झोत तो वितळलेला धातू खाली उडवून लावतो. स्टेनलेस स्टीलसाठी नायट्रोजन वापरल्यास कड चकचकीत राहते, ऑक्सिजन वापरल्यास ती काळवंडते. पितळ प्रकाश परतवते, त्यामुळे जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरला ते जड जाई. फायबर लेझरचा सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबीचा किरण पितळ अधिक शोषते.

धातूची निवड हवेवर ठरावी. अंबरनाथ आणि बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत आणि चार महिने पावसाची ओल असते, तेव्हा ‘स्टेनलेस’ या शब्दावर डोळे मिटून विसंबणे महागात पडते. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ मध्ये निकेलचा वाटा मँगेनीजने उचललेला असतो व तिच्यावर तांबूस ठिपके लवकर उमटतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने क्षारयुक्त हवेत ती सर्वांत टिकाऊ. सोनेरी रंगाची स्टीलची अक्षरे बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या अतिपातळ थराने रंगलेली असतात, त्यांत पितळ नसते, हे खरेदी करणाऱ्याला दुकानात क्वचितच सांगितले जाते. खरे पितळ चिंचेने उजळते, पण लाखेचा थर दिलेले पितळ घासले, तर थरच निघून जातो.

दुकानांच्या पाट्या मराठीत लावण्याची सक्ती २०२२ च्या कायदा-दुरुस्तीने लहान आस्थापनांपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. घरांना ही सक्ती नाही. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानला असला, तरी संगणकावरचा टंक हिंदी वळणाचा असला की ‘पाटील’ हिंदी वळणात कापले जातात. म्हणून कापण्यापूर्वी कागदावरचा पूर्ण आकाराचा नमुना मागून घेणे हिताचे.

तोच कागद पुढे भिंतीवर चिकटवून छिद्रांच्या जागा ठरवतात. अक्षरांमागे आटे पाडलेल्या खुंट्या जोडलेल्या असतात आणि भिंतीपासून थोडे अंतर राखल्यास मागे पाणी साचत नाही. पितळी अक्षराला लोखंडी स्क्रू लावला, तर ओलाव्यात दोन धातूंच्या संयोगाने लोखंड झपाट्याने गंजते आणि भिंतीवर तपकिरी ओघळ उतरतात, म्हणून खुंटी पितळेची किंवा स्टेनलेसचीच हवी. विटांच्या जुन्या भिंतीत साधा प्लग पुरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांत तो सैल होतो, आणि तेथे त्या ठोकळ्यांसाठीच बनवलेला रुंद आट्यांचा प्लग वापरावा लागतो.