वणवा की चूल?

पन्हाळा तालुक्यातील कोडोली परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की आग दोन ठिकाणी दिसते. तोडणी झालेल्या फडात पाला पेटवला जातो. तो भडकतो, काही मिनिटांत शेतभर पसरतो आणि विझतो. दुसरी आग गुऱ्हाळाच्या चुलवाणातली. काहिलीखाली वाळलेली चिपाडे सारत जाळ तासन्‌तास धरून ठेवावा लागतो, तोही हंगामभर, एकाच जागी. फडातली राख नांगरटीत आणि पावसात मिसळून जाते. चुलवाणाची माती मात्र भाजून विटेसारखी लाल आणि टणक होते. गुऱ्हाळ बंद पडले, छप्पर मोडले, तरी ती माती तिथे काय चालत होते ते सांगत राहते.

माणसाने आग केव्हा हाताळायला सुरुवात केली, याचा शोध घेणारे पुरातत्त्वज्ञ नेमका हाच फरक शोधत असतात. वीज पडून लागणारे वणवे माणसाच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यामुळे जमिनीत कोळसा सापडला म्हणजे तिथे माणसाची शेकोटी होती, असे म्हणता येत नाही. आग एकाच जागी पुन्हा पुन्हा पेटली होती का, तिच्याजवळ दगडी हत्यारे किंवा जळालेली हाडे आहेत का, हे पाहावे लागते. यात मातीच साक्ष देते. मातीतील लोहाची खनिजे तापली की त्यांचे रूप बदलते, माती लाल होते आणि तिचे चुंबकीय गुणधर्मही बदलतात. हे बदल मोजून उष्णतेचा अंदाज बांधता येतो.

या कसोटीवर उतरलेला सर्वात जुन्या पुराव्यांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत मिळाला. गुहेच्या तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात वनस्पतींची राख आणि जळालेल्या हाडांचे तुकडे सापडले. २०१२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. मातीचा गठ्ठा जसाच्या तसा घट्ट करून, त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ही राख वाऱ्याने किंवा पाण्याने आत आलेली नाही, तिथेच जळलेली आहे, हे दिसले. इतक्या आत वणवा पोहोचत नाही.

इस्रायलमध्ये जॉर्डन नदीच्या काठी गेशर बेनोट याकोव्ह येथे सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वीची जळालेली बियाणे, लाकूड आणि दगडाच्या कपच्या मिळाल्या. एकूण कपच्यांपैकी फारच थोड्या जळालेल्या होत्या आणि त्या ठरावीक जागी गोळा झालेल्या होत्या. वणव्यात सगळेच होरपळले असते. याच ठिकाणच्या माशांच्या दातांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दातांना बसलेली आच जाळून टाकणारी नव्हती, शिजवण्याइतपत होती, असा त्याचा निष्कर्ष आहे.

पण आग वापरणे वेगळे आणि आग पाडणे वेगळे. वणव्यातला निखारा आणून तो जपणे हीही हुशारीच. पण निखारा विझला की सगळे संपले. जुन्या पिढीतील माणसे चंचीत चकमक बाळगत, ती याच अडचणीवरची सोय. इंग्लंडमधील बार्नहॅम येथील संशोधन डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे ४ लाख वर्षांहून जुन्या थरात वारंवार ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली माती, उष्णतेने तडकलेल्या हातकुऱ्हाडी आणि पायराइटचे दोन तुकडे मिळाले. चकमकीच्या दगडावर आपटले की पायराइटमधून ठिणगी पडते. हे खनिज त्या भागात क्वचितच आढळते, म्हणजे ते कुणीतरी मुद्दाम आणलेले असणार. तोवर आग पाडण्याचा सर्वात जुना पुरावा सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचा मानला जात होता.

या तारखांचा संबंध आपल्या शरीराशीही आहे. शिजवलेले अन्न मऊ होते, त्यातील पिष्ट लवकर पचते, मांसातील अनेक जंतू मरतात. शिजवण्यामुळेच माणसाचे दात आणि आतडे लहान झाले आणि मेंदू मोठा होऊ शकला, असा मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचा सिद्धान्त आहे. पण हे बदल जवळपास १९ लाख वर्षांपूर्वी सुरू झाले असतील, तर तितक्या जुन्या चुलीचा निर्विवाद पुरावा हवा. तो अजून मिळालेला नाही, म्हणूनच हा वाद मिटलेला नाही.

महाराष्ट्रात गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांत अश्मयुगीन हत्यारे भरपूर सापडतात. नेवासे त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण ती बहुतेक नदीच्या गाळात आणि गोट्यांत मिळतात. पाण्याबरोबर दगड टिकतो, राख टिकत नाही. राज्यात चुलीचा ठसठशीत पुरावा भेटतो तो बराच नंतरच्या काळात. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानच्या या वस्तीत घरांतील चुली, अग्निकुंडे आणि मडकी भाजण्याची भट्टीही मिळाली.

असा पुरावा आपल्या बोलीतही आहे. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’, असे गावोगाव म्हटले जाते. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडे हे सारे साचून वस्तीची माती पांढुरकी होते. ही माती पिकाला चांगली, म्हणून जुन्या पांढरीची टेकाडे खणून गाड्या भरभरून शेतात नेली गेली. त्याबरोबर अनेक जुन्या वस्त्यांचे थर कायमचे विस्कटले. खापरे वेचून परत ठेवता येतील. पण राखेचा थर एकदा हलला की ती चुलीतली होती की वणव्यातली, हे कुणालाही सांगता येणार नाही. त्यामुळे पांढरीत फावडे घालताना लाल भाजलेल्या मातीचा गोल दिसला, तर हात थांबवून आधी पुरातत्त्व विभागाला कळवणे एवढे तरी सहज करता येते.