जुन्या नौकेला नवे इंजिन

लाकडी मोटारनौका आणि तिचे इंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. सागवान किंवा महोगनी यांसारख्या लाकडाची नौका नीट निगा राखल्यास अनेक दशके टिकते. इंजिन मात्र त्याआधीच झिजते आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो : जुने इंजिन दुरुस्त करावे की नवे बसवावे? नवे बसवायचे, तर कोणते? या प्रश्नांचा विचार कसा करावा, ते आपण पाहू या.

नौकेचे इंजिन बदलण्याची प्रथा जुनीच आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमानांची शिल्लक इंजिने स्वस्तात मिळू लागली. मिशिगन राज्यातील नौकाबांधणीकार ख्रिस स्मिथ यांनी १९२० च्या दशकात कर्टिस कंपनीची ९० अश्वशक्तीची अशी इंजिने नौकांसाठी वापरली. दुसरे उदाहरण टाहो सरोवरातील ‘थंडरबर्ड’ या नौकेचे. जॉन हॅकर यांनी आखलेली ही ५५ फुटी महोगनी नौका १९४० साली पाण्यात उतरली. १९६२ मध्ये बिल हॅरा यांनी ती विकत घेतली आणि पुढे तिची मूळची दोन इंजिने काढून लढाऊ विमानांत वापरली जाणारी दोन ॲलिसन इंजिने बसवली. त्यांपैकी प्रत्येकाची शक्ती १,००० अश्वशक्तीहून अधिक होती. हा बदल तिला मानवला, कारण ती मुळातच वेगासाठी घडवलेली होती.

प्रत्येक नौकेची घडण तशी नसते. पाणी कापत संथपणे जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्याच्या रेषेवर जिची लांबी २५ फूट आहे, अशी नौका ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर वेगाने जाऊ शकते. त्यापुढे ती स्वतःच निर्माण केलेल्या लाटेत अडकते. अशा नौकेला दुप्पट शक्तीचे इंजिन दिले, तरी वेग फारसा वाढत नाही. इंधन मात्र वाया जाते आणि जुन्या लाकडावर ताण पडतो. म्हणून इंजिन निवडताना त्याच्या शक्तीआधी नौकेची घडण पाहावी.

दुसरी बाब वजनाची. जुने इंजिन काढताना त्याचे वजन आणि जागा यांची नोंद करावी. नवे इंजिन फार हलके असेल किंवा पुढे-मागे सरकले, तर नौकेचे नाक वर उचलले जाते किंवा खाली झुकते. इंजिन ज्या लांब लाकडी तुळयांवर बसते, त्या तुळया कुजलेल्या नाहीत ना, हेही तपासावे. कुजक्या तुळईवर बसवलेले उत्तम इंजिनही धोकादायकच ठरते.

तिसरी बाब जोडणीची. इंजिनाची शक्ती एका दांड्यातून पाण्याखालच्या पंख्यापर्यंत पोहोचते. इंजिन आणि दांडा अगदी एका रेषेत असावे लागतात. कपलिंगच्या दोन तोंडांमधील फट सर्व बाजूंनी सारखी आहे की नाही, हे फीलर गेजने मोजतात. येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरकही महत्त्वाचा असतो. कोरडे लाकूड पाण्यात फुगते आणि नौकेचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे अखेरची जुळवणी नौका काही दिवस पाण्यात राहिल्यानंतरच करतात. नव्या इंजिनाची फिरण्याची दिशा आणि गती वेगळी असेल, तर पंखाही बदलावा लागतो.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची, ती सुरक्षिततेची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नौकेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मोटारगाडीखालची वाफ वाऱ्याने विखुरते; नौकेच्या बंदिस्त तळातून तिला वाट नसते. म्हणून गाडीचा साधा स्टार्टर किंवा कार्ब्युरेटर नौकेत जसाच्या तसा वापरू नये. ठिणगी बाहेर पडू न देणारे भागच बसवावेत आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने तळातील हवा बाहेर काढावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या इंजिनाला ऐतिहासिक मोल असते. परंतु जी नौका कधीच पाण्यात उतरत नाही, तिचे लाकूड सुकते आणि सांधे उघडतात. नौका वापरात राहावी म्हणून नवे इंजिन बसवणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी मूळ तुळया कापू नयेत आणि नवी भोके शक्यतो पाडू नयेत. जुने इंजिन तेल लावून जपून ठेवावे. केलेल्या प्रत्येक बदलाची मापे आणि छायाचित्रे ठेवावीत. पुढे कोणाला नौका पूर्वरूपात आणावीशी वाटली, तर तो मार्ग त्याच्यासाठी खुला राहतो.