बंगाई कार्डिनल मासा

ॲपोगॉनिडी कुलातील एक लहान सागरी मासा. याचे शास्त्रीय नाव टेरापोगॉन कौडर्नी असे आहे. इंडोनेशियातील सूलावेसीच्या पूर्वेस असलेल्या बंगाई द्वीपसमूहाचा हा प्रदेशनिष्ठ मासा होय. स्वीडिश संशोधक वॉल्टर कौडर्न यांनी १९२० मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून डच शास्त्रज्ञ कोमान्स यांनी १९३३ मध्ये त्याचे वर्णन केले.

याची लांबी सु. ८ सेंमी. असते. अंग रुपेरी असून त्यावर तीन काळे उभे पट्टे असतात. पहिला डोळ्यावरून जातो. पृष्ठपक्ष व गुदपक्ष लांब असून पुच्छपक्ष खोलवर दुभागलेला असतो. पक्षांवर पांढरे ठिपके असतात.

किनाऱ्यालगतच्या शांत, उथळ पाण्यात, बहुधा ५ मी. पेक्षा कमी खोलीवर, हे मासे लहान थव्यांनी राहतात. लांब काट्यांचे सागरी अर्चिन, समुद्रपुष्पे व फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ ही त्यांची आश्रयस्थाने होत. संकट जाणवताच ते अर्चिनाच्या काट्यांत शिरतात. कुलातील बहुतेक जाती निशाचर असल्या, तरी हा मासा दिवसा प्लवकातील लहान कवचधारी प्राणी खातो.

मादीने घातलेली मोठी अंडी नर तोंडात घेतो. अंडी फुटण्यास सु. तीन आठवडे लागतात. त्यानंतरही पिले सु. दहा दिवस नराच्या तोंडातच असतात. या काळात नर काही खात नाही. एका वेळच्या अंड्यांची संख्या शंभराहून कमी असते. बहुतेक प्रवाळमाशांचे डिंभ प्रवाहाबरोबर दूरवर जातात. या माशात तशी मुक्त डिंभावस्था नसते. तोंडातून बाहेर पडलेली पिले तेथेच अर्चिनाच्या काट्यांत आसरा घेतात. त्यामुळे अवघ्या काही किमी. अंतरावरील समूहांतही आनुवंशिक भेद आढळतात. एखाद्या ठिकाणचा समूह नष्ट झाल्यास तेथे बाहेरून नवे मासे येणे जवळजवळ अशक्य असते. पिलांना जगवणारी ही संगोपनपद्धतीच अशा रीतीने जातीचा प्रसार रोखते.

गेरल्ड ॲलन यांनी १९९५ मध्ये या माशाची नव्याने माहिती प्रसिद्ध केल्यावर मत्स्यालयांसाठी त्याला मोठी मागणी आली. २००१ च्या सुमारास दरवर्षी सहा ते सात लाख मासे पकडले जात असावेत, असा अंदाज आहे. अर्चिन व समुद्रपुष्पे काढून नेल्याने आणि प्रवाळांच्या नासधुशीमुळे त्याचा आसराही कमी झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २००७ मध्ये ही जाती संकटग्रस्त ठरविली. इंडोनेशियाने २०१८ मध्ये तिला मर्यादित संरक्षण दिले. बंदिवासात या माशाची पैदास करता येते. त्यामुळे नैसर्गिक समूहांवरील भार हलका होऊ शकतो. मात्र मूळ समूह टिकण्यासाठी अर्चिन व प्रवाळ यांचे जतनही तितकेच आवश्यक आहे.