खाज एकाला, औषध घरादाराला

ताप आला की आपण डॉक्टर गाठतो, दात दुखला की दाताचा डॉक्टर. खाज सुटली की मात्र पावले थेट औषधाच्या दुकानाकडे वळतात. 'खाजेचं काहीतरी द्या हो,' एवढ्या भांडवलावर एक ट्यूब घरी येते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि शेजारणीलाही त्या ट्यूबची शिफारस होते. त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून या ट्यूबने घातलेला घोळ निस्तरण्यात माझी बरीच वर्षे गेली. औषधाआधी रोगाचे नाव कळले पाहिजे आणि तो आला कोठून हेही कळले पाहिजे, एवढे जरी घरोघरी पटले तरी निम्मे काम होईल.

दुधाचा जोडधंदा असलेल्या एका घरातली सून माझ्याकडे आली होती. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत कडा उचललेले गोल चट्टे, मधूनमधून पू. चार महिने ती ट्यूब लावीत होती. 'रक्त बिघडलंय' असे निदान घरातच झाले होते. तिचे ताट आणि टॉवेल वेगळा झाला होता, पोळ्या लाटणे बंद झाले होते आणि तिला माहेरी पाठवावे असा विचार चालला होता. घरात आणखी कोणाला खाज आहे का, असे मी विचारले. 'कोणालाच नाही,' सासूबाई म्हणाल्या. 'आणि गोठ्यात?' या प्रश्नावर त्यांना हसू आले. सून मात्र हळूच म्हणाली, 'कालवडीच्या डोळ्यांभोवती खपल्या आल्यात.' त्या कालवडीला मानेशी धरून दूध पाजण्याचे काम तिचेच होते.

तपासणी अगदी साधी असते. चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्वचेच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे शिल्लक राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सुनेच्या हातावर बुरशी होती. गुरांच्या डॉक्टरांनी कालवडीच्या खपल्या आणि केस तपासले, तिथेही बुरशीच. प्रयोगशाळेत ती वाढवून पाहिल्यावर काही आठवड्यांनी कळले की दोन्हीकडे एकच जात होती.

याचेच नाव गजकर्ण. त्याचा रक्त बिघडण्याशी काही संबंध नाही. ही बुरशी केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. ते प्रथिन आपल्या त्वचेत, नखांत आणि केसांत असते, तसेच वासराच्या आणि मांजरीच्या केसांतही असते. म्हणून काही जातींना गोठ्यातून घरात यायला फारशी अडचण पडत नाही. सुनेला पोटातून आणि वरून लावायला बुरशीनाशक औषध दिले. कालवडीवर उपचार झाले, तिला वेगळे बांधले आणि गोठा धुऊन निर्जंतुक केला. गळलेल्या केसांतले बुरशीचे बीज महिनोन्‌महिने टिकून राहते, त्यामुळे हे शेवटचे काम टाळून चालत नाही. कालवडीकडे कोणी पाहिलेच नसते, तर औषधे बदलत राहिली असती आणि दोष सुनेचाच ठरला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला असता.

आता त्या ट्यूबविषयी. अशा अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. ते दाह दाबते, त्यामुळे बरे वाटते. पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, मग अनुभवी डॉक्टरही चकतो. शिवाय त्वचा पातळ होते आणि जांघेत, काखेत कायमचे व्रण उमटतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ट्यूब काही कपाटातून गेली नाही.

मात्र प्रत्येक गजकर्णाचे खापर मुक्या जनावरावर फोडू नका. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात जे चिवट गजकर्ण पसरले आहे ते बहुतांशी माणसाकडून माणसाला होते. २०२० साली या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. टर्बिनाफिन या हुकमी औषधालाही ती पुष्कळदा दाद देत नाही. तिथे सामायिक टॉवेल, दमट कपडे आणि अर्धवट सोडलेले उपचार यांच्याकडेच पाहावे लागते.

खरजेची गोष्ट आणखी निराळी. ती सूक्ष्म किड्यामुळे होते. बोटांच्या बेचक्यांत तो बीळ करतो आणि रात्री खाज वाढते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे आज न खाजवणारा माणूसही किडा बाळगून असू शकतो. म्हणून पर्मेथ्रिनचे मलम एकाच रात्री घरातल्या सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत लावायचे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा लावायचे. लूत लागलेल्या कुत्र्याचा किडा मात्र माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की माणसाची खाज हळूहळू थांबते.

खरजेवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध १९८१ साली प्रथम जनावरांसाठी बाजारात आले आणि नंतर माणसांच्या कामी आले. त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले. पण म्हणून गुरांचे इंजेक्शन माणसाने घ्यायचे नाही. कुत्र्यासाठीचे तीव्र पर्मेथ्रिन मांजरीला लावले तर ती दगावू शकते.

प्रत्येक आजार एकमेकांना लागतोच असेही नाही. २०२२ साली लम्पीने महाराष्ट्रातली गुरे हैराण केली, तेव्हा अनेकांनी दूधसुद्धा बंद केले. पण लम्पी माणसाला होत नाही. उलट म्हशींची देवी धार काढणाऱ्याच्या हातावर उतरते. २००९ साली पश्चिम महाराष्ट्रात तिचा उद्रेक झाला होता. नुसते दिसण्यावरून भ्यायचे नाही आणि नुसते दिसण्यावरून बिनधास्तही राहायचे नाही, ते यासाठीच.

तेव्हा खाज सुटलीच तर डॉक्टरांना तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. घरात आणखी कोणाला त्रास आहे, घरातल्या किंवा गोठ्यातल्या जनावराच्या अंगावर काही उठले आहे का आणि आतापर्यंत काय काय लावले. कपाटातली ती ट्यूब फेकून देऊ नका, बरोबर घेऊन जा. ती दाखवली तर आमचे निम्मे निदान तिथेच होते.