मासेमारी नौकेच्या डिझेल इंजिनातील नादुरुस्त झडपांची दुरुस्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर दरवर्षी १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते. मिरकरवाडा, हर्णै यांसारख्या बंदरांतील नौका विसावतात आणि इंजिनांची कामे निघतात. भर समुद्रात इंजिन बंद पडल्यास नौका वारा व लाटांच्या स्वाधीन होते. म्हणूनच झडपांची म्हणजे व्हॉल्व्हची दुरुस्ती हा केवळ खर्चाचा प्रश्न नसून तांडेल व खलाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात बिघाडाची कारणे व दुरुस्तीची पद्धती यांचे विवेचन केले आहे.

झडपेचे कार्य :
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. हा दाब टिकण्यासाठी झडप आपल्या बैठकीवर म्हणजे सीटवर घट्ट बसणे अनिवार्य असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात मिनिटाला १५०० फेरे होत असता प्रत्येक झडप ७५० वेळा, म्हणजे दहा तासांत साडेचार लाख वेळा उघडते. झडप मिटलेली असताना तिची बरीचशी उष्णता सीटमार्फत हेडमध्ये व तेथून थंड पाण्यात जाते.

बिघाडाची कारणे व लक्षणे :
सर्वाधिक झीज एक्झॉस्ट झडपेची होते. इंजिनाचा आवाज कमी व्हावा म्हणून टॅपेटमधील फट प्रमाणाबाहेर कमी करण्याची चूक काही ठिकाणी केली जाते. तापल्यावर झडपेची दांडी लांबते. फट पुरेशी नसल्यास झडप पूर्ण मिटत नाही, तप्त वायू कडेने निसटतात, उष्णता सीटकडे जात नाही आणि झडपेची कड जळते. नौकेच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. एक्झॉस्टच्या नळीतून खारे पाणी मागे आल्यास दांडी गंजते व गाईडमध्ये अडकते. इंजिन उशिरा सुरू होणे, ताकद घटणे, धूर वाढणे ही प्रमुख लक्षणे होत.

दुरुस्तीची पद्धती :
हेड उतरवल्यावर प्रत्येक झडपेस क्रमांक द्यावा. एकीची जागा दुसरीस देऊ नये. काजळी काढून दांडीची वक्रता, गाईडमधील ढिलेपणा व कडेची जाडी तपासावी. दांडी वाकलेली, कड जळालेली वा पातळ झालेली असल्यास झडप बदलावीच. खोल खड्डे यंत्रावर घासून काढावे लागतात. हाताने घासणे केवळ किरकोळ खड्ड्यांपुरतेच उपयुक्त आहे.

हाताने घासताना प्रथम जाड व नंतर बारीक पेस्ट वापरावी. झडप दोन्ही दिशांना अर्धवट फिरवून मधूनमधून उचलावी व जागा बदलावी. सीटवर सलग, एकसारखा राखाडी पट्टा दिसला की थांबावे. अति घासल्यास झडप हेडमध्ये खोल जाते व दाब घटतो. पेस्टचा कणही शिल्लक राहता कामा नये, कारण तो गाईड व सिलिंडर दोन्ही खातो. नंतर झडपा स्प्रिंगसह बसवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतावे; काही मिनिटांत ते झिरपल्यास काम अपुरे समजावे.

हेड बसवताना नवे गॅसकेट वापरावे. बोल्ट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, निर्मात्याने दिलेल्या मापानेच आवळावेत. टॅपेटची फट संबंधित सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असताना फीलर गेजने लावावी व काही तास इंजिन चालवल्यानंतर पुन्हा तपासावी.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, झडप घासणे हा दुरुस्तीचा केवळ अर्धा भाग आहे. चुकीची फट वा एक्झॉस्टमधून येणारे पाणी कायम राहिल्यास नवी झडपही त्याच मार्गाने जाईल. बंदीच्या काळात किनाऱ्यावर कारण शोधण्यास दिलेला एक दिवस हंगामात समुद्रावरील संकट टाळू शकतो.